आधी दिवे बंद करा, मग मत द्या

भयपट संपताच निकाल जाहीर करणाऱ्या माझ्या प्रेक्षक मित्रमैत्रिणींनो,



पत्रास कारण की, नील मार्शलचा 'द डिसेंट' येऊन वीस वर्षं उलटून गेली, तरी हा सिनेमा कुठेही दाखवला की तुमच्याकडून तीच ठरलेली वाक्यं ऐकू येतात. 'पहिला तासभर काही घडतच नाही.' 'सगळ्या बायका सारख्याच दिसतात.' 'कशाला जातात मरायला?' 'ते पांढरे प्राणी आले आणि हसू आलं.' 'शेवटी नक्की काय झालं?' आम्ही काही हौशी मंडळी महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतो. प्रोजेक्टर, पडदा, सतरंज्या, मध्यंतरातला चहा, सगळं आमचंच. त्यामुळे ही वाक्यं मला खुर्च्या रचता रचता ऐकावी लागतात. तेव्हा उत्तर देता येत नाही. तुम्हाला शेवटची बस गाठायची असते आणि मला हॉलची किल्ली परत करायची असते. म्हणून हा पत्रप्रपंच.

ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी इथूनच परत फिरावं. शेवटासकट सगळं बोलणार आहे.

तुमच्या मतांचा मला राग नाही. सिनेमाला वाईट म्हणायचा हक्क तिकीट काढणाऱ्याला असतोच, आणि आमच्याकडे फुकट बघणाऱ्यालाही आहे. माझी तक्रार एवढीच, की तुम्ही मत देता ते बहुतेक वेळा न पाहिलेल्या सिनेमाबद्दल असतं. हा सिनेमा अंधाराचा बनलेला आहे, आणि अंधार तुम्ही होऊच देत नाही.

गोष्ट थोडक्यात आठवून देतो. सहा मैत्रिणी अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरांत एका गुहेत उतरतात. वाटेत एक बोगदा कोसळतो आणि परतीचा रस्ता बंद होतो. मग कळतं की ही नकाशात असलेली गुहा नाहीच. नंतर कळतं की आत आणखी कुणीतरी राहतं. पडद्यावरची गुहा मात्र लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत उभारलेली आहे. खऱ्या गुहेत चित्रीकरण धोक्याचं आणि वेळखाऊ झालं असतं, म्हणून सायमन बोल्स या कलादिग्दर्शकाने खडक, बोगदे, दऱ्या, सगळं तिथेच बनवलं आणि तेच तेच भाग जपून पुन्हा पुन्हा वापरले. तुम्हाला ते कळलं का? मला नाही कळलं. कारण मार्शल आणि छायाचित्रकार सॅम मॅककर्डी यांनी शक्यतो एक नियम पाळला: बायकांनी आत जे दिवे नेले त्यांचाच उजेड पडद्यावर पडेल. हेल्मेटचे दिवे, हिरव्या कांड्या, लाल मशाली आणि एक हँडीकॅम. बाकी पडदा काळाच. कित्येक चौकटींत उजेड फक्त एका चेहऱ्यापुरता असतो आणि उरलेल्या काळ्या जागेत काय आहे ते आपण ठरवायचं असतं.

आता मागच्या खेळाचा प्रसंग सांगतो, नाव कुणाचंच घेत नाही. सहा जणींपैकी सारा अरुंद बोगद्यात अडकते तो प्रसंग चालू होता. ती रांगेत सगळ्यात शेवटी आहे. खडक पाठीलाही लागतोय आणि छातीलाही. श्वास भरून घ्यायला जागा नाही, हात मागे नेता येत नाही, आणि ती घाबरून भराभर श्वास घेऊ लागते. पुढे गेलेली मैत्रीण बेथ मागे वळून सरपटत तिच्यापर्यंत येते. ओरडत नाही, ओढत नाही. तिला तिचा श्वास ऐकायला लावते, एक चावट विनोद सांगते, आणि जे वाईटात वाईट होऊ शकतं ते तुझ्या आयुष्यात होऊन गेलंय याची आठवण करून देते. साराला थोडं हसू येतं, अंग थोडं सैल पडतं, आणि नेमका तेव्हाच वरचा खडक करकरू लागतो. या क्षणी तिसऱ्या रांगेत कुणीतरी मोबाइल उघडला. पडद्यावर होता त्यापेक्षा जास्त उजेड त्या मोबाइलचा होता. पुढच्या दोन रांगांची डोकी दिसायला लागली, भिंतीवरचं कॅलेंडर दिसायला लागलं, बाहेर जायचं दार दिसायला लागलं. दार दिसलं की हा सिनेमा संपतो, महाराज! त्या गृहस्थांनी नंतर मला सांगितलं, 'ठीक आहे, पण भीती अशी नाही वाटली.'

ही पहिली तक्रार, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मोठी. दुपारी खिडक्या उघड्या टाकून, लोकलमध्ये तळहाताएवढ्या पडद्यावर, स्वयंपाकघरातून भाजीला फोडणी देता देता हा सिनेमा बघू नका असं मी म्हणणार नाही. बघा खुशाल. फक्त तसं बघितल्यावर 'भीती वाटली नाही' हे सिनेमाबद्दलचं मत म्हणून सांगू नका.

वेफर्सबद्दलही एक शब्द. गुहेतले ते प्राणी आंधळे आहेत, आवाजावर शिकार करतात. म्हणजे सिनेमाच्या उत्तरार्धात गप्प राहणं हाच बायकांचा बचाव. त्या श्वास रोखून बसल्या असताना सभागृहात पाकीट फाडण्याचा आवाज होतो तेव्हा माझ्या मनात येतं की आता त्यांनी आधी तुमच्याकडे यावं. असो.

'पहिला तासभर काही घडत नाही' असं म्हणणाऱ्यांनी घड्याळ नीट बघितलेलं नाही. ते प्राणी पहिल्यांदा स्पष्ट दिसतात तेव्हा सिनेमा अर्ध्यावर आलेला असतो, हे खरं. हँडीकॅमच्या रात्रीच्या हिरवट चित्रात कॅमेरा वळतो आणि मैत्रिणींच्या अगदी मागे त्यांतला एक उभा असतो. पण त्याआधी काय काय होऊन गेलं? सुरुवातीला स्कॉटलंडमध्ये तिघी राफ्टिंग करून काठावर येतात तेव्हा साराचा नवरा पॉल आणि तिची मैत्रीण जुनो यांच्यात क्षणभर काहीतरी होतं आणि बेथ ते बघते. लगेच पुढे मोटार अपघातात पॉल आणि लहान मुलगी जातात. पुढे गुहेच्या वाटेवर जुनो मार्गदर्शक पुस्तक गाडीतच ठेवून देते. बोगदा कोसळतो. दरी ओलांडताना कातळात जुनी, गंजलेली मेख सापडते, म्हणजे इथे आधी कुणी येऊन गेलं होतं, आणि परत गेल्याचं तर कुणी ऐकलेलं नाही. त्यांच्यातल्या हॉलीला लांबवर उजेड दिसतो, बाहेरचा समजून ती धावते, पडते, आणि पायाचं हाड बाहेर येतं. यातलं एकही राक्षसाने केलेलं नाही. अपघात, खडक, घाई आणि एक खोटं, एवढ्यावर अर्धा सिनेमा चालतो. तुम्ही मात्र 'तो कधी येणार' म्हणून वाट बघत बसलात, आणि वाट बघणाऱ्याला मधलं काही दिसत नाही.

'सगळ्या सारख्याच दिसतात' याचं उत्तर सोपं आहे. दिसणारच, चिखल, हेल्मेट आणि काळोख. दिग्दर्शकाला ते माहीत होतं. त्याने सहा जणींचे उच्चार मुद्दाम वेगवेगळे ठेवले, म्हणजे अंधारातही कोण बोलतंय ते कळावं. सारा स्कॉटिश, हॉली आयरिश, बाकीच्या आणखी कुठकुठल्या. वीज गेलेल्या घरात मालवणी काकू आणि वऱ्हाडी मावशी बोलू लागल्या तर कोण कुठली हे आपल्याला मेणबत्ती लागायच्या आत कळतं ना, तसंच. पण तुम्ही सिनेमा डब केलेला बघता. डबिंगवाल्याने सहाही जणींना एकाच सुरात बोलायला लावलेलं असतं, आणि मग पात्रं ओळखू येत नाहीत असा ठपका दिग्दर्शकावर येतो. मूळ आवाजात बघा, खाली अक्षरं लावा.

आता 'कशाला जातात मरायला' या वाक्याकडे येतो. हे मला सगळ्यात जास्त टोचतं, आणि ते म्हणणाऱ्यांत भर पावसात लिंगाण्याचे बेत आखणारे ट्रेकरही असतात म्हणून जास्तच टोचतं. पुरुषांनी दोर लावून कडा उतरला की ते साहस, सहा बायका गुहेत उतरल्या की आगाऊपणा, असा हिशेब तुम्ही करत नसाल अशी माझी समजूत आहे. तसं असेल तर एक लक्षात घ्या. मार्शलने आधी स्त्री-पुरुष असा मिश्र गट योजला होता. भयपटात सगळ्या बायकाच असलेला गट जवळपास नसतोच, हे त्याच्या सहकाऱ्याच्या लक्षात आलं आणि मग ही रचना झाली. या बायका किंचाळत पळणाऱ्या नाहीत. त्यांना गाठी मारता येतात, छताला लटकून दरी ओलांडता येते, मोडलेलं हाड जागेवर बसवता येतं. त्यांचा मूर्खपणा असा एकच, की त्यांनी मैत्रिणीवर विश्वास ठेवला. जायचं होतं ती गुहा माहितीतली होती. जुनोने कुणालाही न सांगता वेगळीच, कुणी न पाहिलेली गुहा निवडली. त्यामुळे त्या कुठे आहेत हे वर कुणालाच ठाऊक नाही. शोधपथक निघालं तरी ते दुसऱ्याच गुहेत शोधणार.

आणि 'असं कुठे होतं का' म्हणाल, तर राक्षस सोडून सगळं होतं. १९२५ साली केंटकीत फ्लॉइड कॉलिन्स हा गुहा शोधणारा माणूस सँड केव्हच्या अरुंद वाटेत अडकला. पायावर एक दगड पडला, एवढंच. एक तरुण बातमीदार सरपटत त्याच्यापर्यंत जाऊन बोलून आला आणि त्या वार्तांकनासाठी त्याला पुढे पुलित्झर मिळालं. दोन आठवड्यांहून जास्त काळ खटपट चालली, शेवटी बाजूने विहीर खणून लोक पोचले तेव्हा तो गेलेला होता. त्या काळात गुहेच्या तोंडाशी हजारोंची गर्दी झाली होती, खाण्यापिण्याची दुकानं लागली होती. म्हणजे अडकलेल्या माणसाकडे बघायला येणारे प्रेक्षक आपल्या आधीपासून आहेत. २०१८ च्या जून-जुलैमध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक पुराच्या पाण्यामुळे अडकले, तेव्हा पाणी उपसण्याच्या कामी मदतीला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ गेले होते. त्या दिवसांत तुमच्यापैकी कुणी 'कशाला गेली मरायला' म्हणाल्याचं मला आठवत नाही. सगळे टीव्हीसमोर हात जोडून बसले होते.

गुहेची ही भीती तुमच्यापर्यंत पोचत नाही, यात थोडा दोष आपल्या भूगोलाचाही आहे, हे मान्य करतो. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. चुनखडीच्या डोंगरांत पाणी मुरून मैलोन् मैल वाटा तयार होतात, तसं आपल्याकडे होत नाही. मेघालयात होतं, तिथली क्रेम लिएट प्राह ही गुहा तीस किलोमीटरहून लांब आहे. आपल्या ओळखीच्या गुहा म्हणजे लेणी: सरळ कोरलेल्या, सपाट जमिनीच्या, पुढे ओसरी, बाहेर तिकीटखिडकी. शिवाय प्रत्येक किल्ल्यावर एक भुयार असतं, ते थेट पलीकडच्या किल्ल्यात निघतं असं सांगतात, आणि सांगणारा स्वतः दहा पावलांपुढे गेलेला नसतो. त्यामुळे पोटावर सरपटत जायच्या वाटेची भीती आपल्या अंगात मुरलेली नाही. पण 'तुंबाड'मध्ये माणूस दोराने खाली त्या लाल, ओल्या पोकळीत उतरतो तेव्हा तुम्ही चिडीचूप होता, ते मी बघितलं आहे. म्हणजे भीती आहे. ती उपरी वाटली की तुम्ही नाकारता, एवढंच.

राक्षसांबद्दल मात्र तुमच्याशी निम्मं पटतं. शेवटच्या भागात मारामाऱ्या जास्त झाल्या आहेत. कुऱ्हाडी, रक्ताचं डबकं, पुन्हा कुऱ्हाड. ते प्राणी जितके जास्त दिसतात तितके कमी भिववतात, आणि तीन-चार चकमकी कापल्या असत्या तर सिनेमाचं काही बिघडलं नसतं. पण 'हे मध्येच कुठून आले' हा आक्षेप मान्य नाही. मार्शलच्या मनात ते आदिमानवांचे वंशज आहेत: वर न आलेले, आतच राहून दृष्टी गमावलेले, कान आणि नाक तीक्ष्ण झालेले. त्यांच्यात बायका-पोरंही आहेत, म्हणजे ती वस्ती आहे. वस्तीत घुसखोरी कुणी केली, याचा विचार करून बघा. नट्यांना तर पहिल्या समोरासमोरच्या प्रसंगापर्यंत त्या प्राण्यांचं रूप दाखवलंच नव्हतं. त्या प्रसंगातली पळापळ बघताना हे डोक्यात ठेवा, हसू जरा कमी येईल.

शेवटाबद्दलचं भांडण तर निव्वळ गैरसमजाचं. तुम्ही दोन वेगवेगळे सिनेमे बघून एकमेकांशी भांडताय. २००५ च्या जुलैमध्ये ब्रिटनमध्ये लागलेल्या मूळ सिनेमात सारा बाहेर पडते, गाडी पळवते, शेजारच्या सीटवर जुनो दिसते, आणि ती दचकून जागी होते ती गुहेतच. समोर मुलगी, वाढदिवसाचा केक, मेणबत्त्या. कॅमेरा मागे मागे जातो तसा काळोख वाढतो आणि प्राण्यांचे आवाज जवळ येतात. २००६ मध्ये अमेरिकेत लावताना शेवटचं हे जागं होणं कापून टाकलं. तिथला सिनेमा गाडीतच संपतो. तेवढी काही क्षणांची कात्री, पण एकीकडे सारा सुटते आणि एकीकडे नाही. २००९ मध्ये दुसरा भाग निघाला तोही ती सुटली असं धरूनच. तेव्हा 'शेवट फुसका' म्हणण्याआधी कुठला शेवट बघितला ते सांगायची सवय लावा. माझं मत विचाराल तर मूळ शेवटच खरा. ज्या बाईचं सगळं गेलंय तिला दिग्दर्शकाने केक दिला आणि बाहेरची वाट दिली नाही. यात दुष्टपणा आहे तशी मायाही आहे.

आणि भांडायचंच असेल तर भांडण्यासारखी जागा वेगळीच आहे, तिकडे तुम्ही कधीच जात नाही. जुनोच्या हातून अंधारात बेथच्या मानेत कुऱ्हाड बसते. चुकून. पण मग ती बेथला तशीच टाकून निघून जाते, आणि इतरांना खरं सांगत नाही. मरता मरता बेथ साराला सगळं सांगते आणि जुनोच्या गळ्यातलं लॉकेट देते, पॉलशी नातं सांगणारं. दुसरीकडे हीच जुनो साराला सोडून बाहेर पडायला शेवटपर्यंत नकार देते. अशा जुनोच्या पायात सारा कुऱ्हाड घालते आणि प्राणी येताना दिसत असूनही चालू लागते. साराने केलं ते बरोबर का? मला अजून ठरवता आलेलं नाही. सूड कशाचा होता, बेथचा की नवऱ्याचा? यावर चहाच्या टपरीवर तासभर भांडा, मी चहाचे पैसे देतो.

'मला काही भीती वाटली नाही' असं छाती काढून सांगणाऱ्यांसाठी एवढंच. हा सिनेमा ब्रिटनमध्ये ८ जुलै २००५ ला लागला. आदल्या दिवशी लंडनच्या भुयारी रेल्वेत तीन स्फोट झाले होते आणि चौथा एका बसमध्ये. त्या बसच्या अंगावर याच सिनेमाची जाहिरात होती. पुढे जाहिरातींमधून दहशत हा शब्द काढून टाकावा लागला. त्या आठवड्यात लंडनला थिएटरात बसून जमिनीखाली कोंडलेली माणसं बघणाऱ्याला काय वाटलं असेल? भीती वाटणं हा कमीपणा आणि न वाटणं हे शौर्य, असं काही नसतं.

आमच्या खेळाला एक बाई बोगद्याच्याच प्रसंगात उठल्या आणि बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. नंतर मला म्हणाल्या, 'मला लिफ्टसुद्धा सोसत नाही, मी नाही बघू शकत.' त्यांनी जेमतेम अर्धा सिनेमा पाहिला. तुम्हा सगळ्यांच्या मतांपेक्षा त्यांचं मत मला जास्त खरं वाटतं. आणि हो, त्या उठल्या तेव्हा मागून जे हसले, त्यांना पुढच्या वेळी आत घेणार नाही. हे विनोदाने म्हणत नाही.

तेव्हा विनंती अशी. रात्री बघा. दिवे घालवा, पडदे ओढा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. ब्रिटिश शेवट असलेलीच प्रत मिळवा आणि मूळ आवाजात ऐका. ज्याला बंद जागेची धास्ती आहे त्याला आग्रह करू नका, चेष्टा तर नाहीच. आणि सिनेमा संपल्यावर पहिली दहा मिनिटं कृपा करून काही बोलू नका. त्यानंतर सिनेमा टाकाऊ आहे असं तुम्ही म्हणालात तरी मी ऐकून घेईन आणि खुर्च्याही रचेन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
प्रोजेक्टरशेजारी बसणारा एक प्रेक्षक

ता. क. : पुढच्या खेळाला दार वेळेवर बंद होईल. उशिरा येणाऱ्यांसाठी ते मध्येच उघडणार नाही, कारण व्हरांड्यातला दिवा थेट पडद्यावर पडतो.